वहिवाट आणि मनाईहुकूम

हळद आणि ऊस यांचा हंगाम कुरुंद्याच्या शिवारात एखाद्या वर्षी बिघडेल, परंतु धुऱ्याच्या आणि वाटेच्या तंट्यांचा हंगाम काही बिघडत नाही. पेरणीच्या तोंडावर कोणीतरी कोणाच्या तरी बैलगाडीपुढे बोरीच्या काट्या टाकतो, दोन घरांतले बोलणे बंद होते, आणि अखेर दोघेही वसमतेच्या तहसिलीत जाऊन उभे राहतात. तेथे फिर्यादीच्या तोंडून पहिला शब्द येतो तो मालकीचा नसतो, वहिवाटीचा असतो. आजा-पणजाच्या काळापासून आमची गाडी येथूनच जाते, असे तो म्हणतो; प्रतिवादी म्हणतो, गाडी जात होती ती धुऱ्यावरून, वावरातून कधी गेली नाही. मालकीला कागद लागतो, वहिवाटीला मात्र साक्षीदार आणि सवय एवढे दोनच आधार पुरतात. जो वापरतो त्याची वहिवाट वाढते आणि जो वापरीत नाही त्याची खंडित होते, हे कायद्याचे पुस्तक न उघडलेल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच वाट अडविली गेल्यावर शहाणा माणूस, काही काम नसले तरी, दुसऱ्या दिवशी त्या वाटेने एकदा गाडी नेऊन आणतो.

ज्या शब्दाचा उच्चार आपण इतक्या सहजपणे करतो त्याच शब्दावर महाराष्ट्रातील एका तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि माणसाने सार्वजनिक पाणी प्यावे किंवा न प्यावे या प्रश्नाचा निवाडा त्या शब्दाच्या अर्थावर झाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकांत येतो, त्याचे पुतळे होतात, त्याच्यावर व्याख्याने होतात. परंतु त्या सत्याग्रहाचे दिवाणी अंग मात्र बहुधा वकिलांसाठी सोडून दिले जाते. मला ते अंगच अधिक विचार करण्याजोगे वाटते. वंशभेदाच्या कायद्यांविरुद्ध जगात जे निःशस्त्र लढे झाले, त्यांच्या शेजारी महाडला ठेवून पाहिले असता सादृश्यापेक्षा भेदच आधी डोळ्यांत भरतो, आणि तो भेद वहिवाट या शब्दात साठलेला आहे.

दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अन्याय लिहून ठेवलेला होता. ट्रान्सवालमध्ये आशियाई माणसाने आपल्या बोटांचे ठसे देऊन नोंदणीपत्र जवळ बाळगावे, असा कायदा १९०७ साली झाला. त्याला क्रमांक होता, कलमे होती, शिक्षा होती. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात गांधींच्या नेतृत्वाखाली जमलेल्या हिंदी लोकांनी दोन हजारांहून अधिक दाखले एका मोठ्या कढईत टाकून जाळले, त्या वेळी आपण नेमके काय मोडीत आहोत हे प्रत्येकाला माहीत होते. पुढे १९५२ च्या २६ जूनला आफ्रिकन आणि हिंदी काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या फाटकांतून आणि प्रतीक्षालयांतून शिरण्याची मोहीम सुरू केली, तीत आठ हजारांवर माणसे तुरुंगात गेली. अमेरिकेत तर १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच ‘वेगळे पण समान’ या सूत्रावर आपली मोहोर उठविली होती आणि त्याच्या आश्रयाने रेल्वेचे डबे, शाळा, नळाच्या तोट्या आणि बसगाड्यांतील बाके यांची वाटणी राज्याराज्यांच्या कायदेपुस्तकांत आणि शहरांच्या नियमावल्यांत रीतसर छापली गेली होती. अशा ठिकाणी सत्याग्रहीची वाट खडतर असली तरी सरळ असते. कलम समोर असते, ते त्याने उघडपणे मोडायचे असते आणि शिक्षा आनंदाने भोगायची असते.

आपल्याकडे कोणत्या सरकारी राजपत्रात असे छापले होते की महाराने, चांभाराने, मांगाने गावच्या आडावर चढू नये? असा कायदा ब्रिटिश मुलखात नव्हता. होते ते उलटेच. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला की सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीने त्यास अनुसरून १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. १९२६ साली बोल्यांनी पुन्हा कौन्सिलात उभे राहून, जी म्युनिसिपालिटी हा ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असे सुचविले. इतके होऊनही महाडात एकही अस्पृश्य तळ्याच्या पायऱ्या उतरला नव्हता. ठराव दफ्तरात होता आणि पाणी तळ्यात होते. दोहोंच्या मध्ये वहिवाट उभी होती.

मराठवाड्याच्या वाचकाने येथे थोडे थांबून आपल्या मुलखाकडेही पाहावे. कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात आणि वसमत तालुक्यात मोडत होते. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. बोल्यांचा ठराव निजामाच्या सरहद्दीच्या अलीकडे येत नव्हता. खुद्द आंबेडकरांना याचा अनुभव १९३४ साली आला. वेरूळच्या लेण्यांच्या सहलीत ते सहकाऱ्यांसह दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. दिवस रमजानचे होते, प्रवासाची धूळ अंगावर होती, आणि दरवाज्याबाहेर काठोकाठ भरलेल्या हौदावर मंडळींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविल्याचा गिल्ला झाला आणि शिवीगाळ सुरू झाली; आणि शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत एक हत्यारबंद शिपाई देऊन. हौदाचा हक्क सांगणारे तेथे मुसलमान होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण महाडात मुसलमान चवदार तळ्याचे पाणी नेत असत, त्याला सवर्ण हिंदूंची हरकत नव्हती, आणि तेथे मारहाण झाली तेव्हा अनेक अस्पृश्यांना आसरा मिळाला तोही मुसलमानांच्याच घरांत. मनुष्यस्वभावाचे हे नमुने एका सूत्रात बसत नाहीत आणि ते बसविण्याच्या खटपटीत मी पडत नाही. दौलताबादेस ठराव नव्हता, म्युनिसिपालिटी नव्हती, दावा लावण्यास जागा नव्हती. तेथे एक शिपाई होता, आणि त्याच्यापुढे आंबेडकरांसारख्या बॅरिस्टरलाही हात मागे घेऊन चालावे लागले. महाडला निदान भांडण्यापुरती जमीन पायाखाली होती.

ती जमीन कोणी तयार केली हे पाहू लागलो की पुढारी या शब्दाबद्दलची आपली समजूत थोडी सैल करावी लागते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद ही आंबेडकरांच्या अध्यक्षतेमुळे ओळखली जाते. परंतु तिची जुळवाजुळव रामचंद्र बाबाजी मोरे या त्याच परिसरातील तरुणाने, पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेलेल्या कार्यकर्त्याने, आणि अनंत विनायक चित्रे यांनी गावोगाव हिंडून केलेली होती. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूचे होते. कोकणात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले महार सैनिक पुष्कळ होते. वाचता येणारी, शिस्त जाणणारी आणि एकदा गावकुसाबाहेरचे जग पाहून आलेली ही माणसे होती. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले आणि त्यास चाळीस रुपये पडले. पाण्याच्या हक्काचा विचार करण्यासाठी जमलेल्या लोकांना तहान भागविण्यास पाण्याची किंमत मोजावी लागावी, यापेक्षा परिषदेच्या कामकाजाचा अधिक स्पष्ट मसुदा कोणी लिहिला नसता.

दुसऱ्या दिवशी आभार मानण्याच्या वेळी चित्र्यांनी सुचविले की, इतके ठराव झाले, आता तळ्यावर जाऊन एका ठरावाचा तरी अंमल करू. मंडळी उठली. बाजारपेठेतून शांतपणे चालत गेली. आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले, त्यांच्यामागून इतरांनी घेतले, आणि सारे मंडपाकडे परत आले. एवढेच घडले. कायदा कोणताही मोडला गेला नाही, कारण कायदा त्यांच्याच बाजूचा होता. मोडली गेली ती वहिवाट, आणि तीही एका घोटाने. अडविलेल्या वाटेने रिकामी गाडी नेऊन आणणाऱ्या शेतकऱ्याचे शहाणपण त्या ओंजळीत होते, असे म्हटले तर ती उपमा लहान वाटेल. पण पुढे न्यायालयात जो वाद रंगला तो पाहता ती यथार्थ आहे.

त्यानंतर गावात आवई उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. काठ्या घेऊन निघालेल्या जमावाने मंडपात जेवत असलेल्या आणि रस्त्याने परतणाऱ्या माणसांना झोडपले. डाकबंगल्यावर आंबेडकरांभोवती संतापलेले पेन्शनर जमले होते. त्यांनी एका शब्दाची वाट पाहिली, आणि तो शब्द त्यांना मिळाला नाही. आंबेडकरांनी त्यांना प्रतिकारापासून परावृत्त केले. अशाच प्रसंगाचे दुसरे चित्र जगाला ३० जानेवारी १९५६ च्या रात्री दिसले. अलाबामातील माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला, आत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती, बाहेर हत्यारे घेऊन आलेले काळे लोक जमले, आणि मोडक्या ओसरीवर उभे राहून किंग यांनी त्यांना घरी पाठविले. किंग त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते, आंबेडकर महाडच्या वेळी छत्तिशीच्या उंबरठ्यावर. निःशस्त्र प्रतिकाराच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ पुष्कळ झाले, परंतु त्याची खरी परीक्षा अशा अर्ध्या तासात होते, आणि ती देणाऱ्यापाशी बहुधा त्या वेळी कोणताही ग्रंथ नसतो.

मार खाणारे गप्प राहिले, मारणाऱ्यांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि सनातन्यांनी आपला कार्यक्रम हाती घेतला. एकशे आठ घागरी पाणी उपसून, त्यात दही, दूध, गोमूत्र, शेण कालवून, मंत्रोच्चारात ते पुन्हा तळ्यात ओतले आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. या प्रकाराला आपण हसतो; त्यांच्या दृष्टीने ते खंडित झालेली वहिवाट पुन्हा जोडणे होते. म्युनिसिपालिटीने ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेस, आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला. आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा परिषद आणि या वेळी रीतसर सत्याग्रह जाहीर केला.

आता प्रतिपक्षाने ओळखले की काठीपेक्षा कागद चांगला. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला की तळे ही स्पृश्यांची खाजगी मालमत्ता असून अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही. आणि १४ डिसेंबरला न्यायाधीशांनी दाव्याचा निकाल लागेपर्यंत आंबेडकरांस आणि त्यांच्या सहकाऱ्यांस तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाईहुकूम दिला. एका कागदाने सगळा पट उलटला. मार्चमध्ये तळ्यावर जाणारा माणूस हक्क बजावीत होता. डिसेंबरात जाणारा तोच माणूस न्यायालयाचा अवमान करणारा ठरणार होता.

हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा मंडप फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर पडला. मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगावास उतरून पायी महाडला पोचली. ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे-जवळकरांनी पुण्याहून कळविले होते की या लढ्यात ब्राह्मण कोणी नसतील तर आम्ही पाठिंबा देऊ; आंबेडकरांनी ती अट नाकारली. मंडपात छायाचित्र होते ते एकच, गांधींचे. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले, त्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सत्यशोधक वृत्तीच्या सहकाऱ्याने मांडला होता. जोहान्सबर्गच्या कढईत जळाले ते सरकारने दिलेले दाखले. महाडच्या खड्ड्यात जळाला तो ग्रंथ कोणत्याही सरकारने कोणाच्या हातात दिलेला नव्हता. ज्या वहिवाटीला कलम नव्हते तिला जाळण्यासाठी तिचे कागदपत्र शोधावे लागले, आणि ते सरकारच्या कायद्यात न सापडता धर्मशास्त्रात सापडले.

या ग्रंथाशी कुरुंद्याचाही एक धागा आहे. ज्यांच्या आडनावात हे गाव महाराष्ट्रभर फिरले ते नरहर कुरुंदकर जन्मले नांदापुरास, १९३२ साली, म्हणजे महाडनंतर पाच वर्षांनी. त्यांनी मनुस्मृतीवर व्याख्याने दिली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. जो ग्रंथ एका पिढीने जाळला तोच पुढच्या पिढीने सविस्तर वाचून तपासावा, यात मला विसंगती दिसत नाही; दहन हा निषेध होता आणि तपासणी हा हिशेब.

परंतु परिषदेचा खरा पेच अग्नीचा नव्हता, पाण्याचा होता. चार हजारांच्या आसपास स्वयंसेवकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदविली होती. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. जिल्हाधिकारी स्वतः मंडपात येऊन, न्यायालयाचा हुकूम मोडू नका, असे सांगून गेला. लोक ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अखेर आंबेडकरांनीच त्यांना सत्याग्रह तहकूब करण्यास राजी केले. मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून गेली आणि कोणीही पाण्याला स्पर्श न करता परतली. त्यांचा हिशेब असा होता की आपला लढा स्पृश्यांशी आहे, सरकारशी नाही. मनाईहुकूम मोडला की सरकार आपोआप स्पृश्यांच्या बाजूला जाऊन उभे राहील आणि दोन आघाड्यांवर लढण्याइतके बळ आपल्या लोकांपाशी नाही. त्यातून हे स्वतः बॅरिस्टर, दाव्यात आपण जिंकू असा त्यांना भरवसा होता. तळ्याच्या काठावरून तहानलेल्या माणसांना परत नेणे हे मला मार्चमधील ओंजळीपेक्षा अवघड काम वाटते.

हा निर्णय बरोबर होता काय? अमेरिकेतील दोन प्रसंग या प्रश्नावर प्रकाश टाकतात. १९६२ च्या जुलैत जॉर्जिया राज्यातील आल्बनी शहरी किंग यांच्या मिरवणुकांवर संघराज्याच्या न्यायाधीशाने मनाईहुकूम दिला. आजवर संघराज्याची न्यायालयेच काळ्यांच्या बाजूने निकाल देत आली होती, तेव्हा त्यांचा हुकूम मोडणे किंग यांना योग्य वाटले नाही. ते थांबले, आणि त्या चळवळीचा वेग जो मोडला तो मोडलाच. पुढील वर्षी बर्मिंगहॅममध्ये राज्याच्या न्यायालयाने तसाच हुकूम १० एप्रिलला काढला, तेव्हा किंग यांनी दोन दिवसांत, गुड फ्रायडेच्या दिवशी, तो उघडपणे मोडला आणि तुरुंगात गेले; तेथूनच त्यांनी ते प्रसिद्ध पत्र लिहिले. बर्मिंगहॅमचा परिणाम सर्वांना माहीत आहे, १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा त्याच्या मागोमाग आला. पण त्या हुकूमभंगाचा खटला पुढे चालत राहिला, आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की हुकूम सदोष असला तरी तो आधी पाळावयास हवा होता आणि मग त्याविरुद्ध दाद मागावयास हवी होती. तोवर नोबेल पारितोषिक मिळविलेले किंग पुन्हा काही दिवसांसाठी कोठडीत गेले. न्यायालयाचे दार ठोठावणारी चळवळ त्याच दाराची कडी तोडू लागली की न्यायाधीश, ते कितीही उदार असले तरी, अस्वस्थ होतात.

माँटगोमेरीचा प्रकार आणखी निराळा. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, त्यांना अटक झाली, जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात पत्रके छापून घेतली, आणि शहरातील काळ्या लोकांनी तीनशे एक्याऐंशी दिवस बसमध्ये पाऊल टाकले नाही. माणसे पायी चालली, एकमेकांच्या मोटारींतून गेली. बसवर बहिष्कार टाकता येतो. पाण्यावर टाकता येत नाही. म्हणून तेथे न वापरणे हे शस्त्र झाले आणि महाडात वापरणे. महाडच्या जवळचे उदाहरण पाहिजे असेल तर ते ग्रीन्सबरोचे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार विद्यार्थी दुकानातील गोऱ्यांच्या खाणावळीपाशी जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली, ती मिळाली नाही म्हणून ते उठले नाहीत. तेथेही मुख्य अडथळा दुकानाच्या रिवाजाचा होता, आणि बसणे हीच त्या रिवाजावरची गाडी होती.

चवदार तळ्याचा दावा मात्र सावकाश, आपल्या न्यायालयांच्या चालीने चालला. आता वहिवाटीची गंमत पाहा. फिर्यादींचा पुरावा काय? तर अस्पृश्य कधीच तळ्यावर आले नाहीत. त्यांना येऊ दिले नाही म्हणून ते आले नाहीत, आणि ते आले नाहीत म्हणून त्यांना येण्याचा हक्क नाही! ज्याच्यावर बंदी घातली त्याचे बंदी पाळणे हेच बंदीच्या वैधतेचे प्रमाण म्हणून सादर झाले. पहिल्याच न्यायालयाने या चक्राचा आरा ओढला. एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्याला दुसऱ्यास वगळण्याचा हक्क प्राप्त होत नाही, असे म्हणून त्याने दावा फेटाळला. ठाण्याचे अपील हरले. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला की तळे म्युनिसिपालिटीच्या ताब्यातील आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि वहिवाट फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. हे ब्रूमफील्ड म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादेस गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. गांधींनी त्यांच्यापुढे गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षा मागून घेतली होती. आंबेडकरांनी त्यांच्यापुढे हक्क सांगितला आणि तो मिळविला. सत्याग्रहाची ही दोन रूपे एकाच आसनासमोर येऊन गेली, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत कोणी फारशी घेत नाही.

निकाल लागला तेव्हा पहिल्या ओंजळीला दहा वर्षे होण्यास तीन दिवस कमी होते. दरम्यान पुष्कळ काही होऊन गेले होते. १९२९ साली पुण्याच्या पर्वतीवर सत्याग्रह झाला, त्यात शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज यांच्याबरोबर काकासाहेब गाडगीळांनीही दगड खाल्ले. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह बसला तो थांबत-चालत पाच वर्षे टिकला, आणि दरवाजा उघडला नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास आंबेडकरांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे कायद्याने तळे मोकळे केले तेव्हा तळ्यावर जाणाऱ्याचे मनच तेथून निघून गेलेले होते. मनाईहुकूम पाळल्याने दावा जिंकता आला, पण दहा वर्षे थांबण्याची किंमत दाव्याच्या खर्चात धरता येत नाही. आंबेडकरांनी महाडला केले ते त्या घडीला बरोबरच होते, असे मी समजतो. स्पृश्य समाजाने ती दहा वर्षे कशी वापरली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. पंढरपूरचे मंदिर उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मेमध्ये प्राण पणाला लावावे लागले, यावरून त्याचे उत्तर काढता येईल.

आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदलले आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाचे सतरावे कलम कुरुंद्यासही लागू झाले; अस्पृश्यता नष्ट केल्याचे लिहून ठेवणारा कागद या मुलखात आला. म्हणजे अमेरिकेत अन्यायाला कलम होते आणि ते पुसावे लागले. येथे अन्यायाला कलम नव्हते, न्यायाला मिळाले. मराठवाड्यातील गावोगावच्या आडांचा प्रश्न त्या कलमाने किती सोडविला आणि नळयोजनेने किती, हे सांगणे कठीण आहे. तोटी घरात आल्यावर आडावर कोणी चढायचे हा वाद उरला नाही. आडच बुजले, पिंपळ उगवले. वाद मिटला, निवाडा झाला नाही.

तरीही तहसिलीत ज्यांचे जाणे-येणे असते त्यांना ठाऊक आहे की वाटेच्या तंट्यांत एक प्रकार असा असतो, ज्यात अर्जदार एक शेतकरी नसून एक अख्खी वस्ती असते आणि मागणी वावराच्या वाटेची नसून स्मशानाच्या वाटेची असते. तेथेही मंडळ अधिकारी पंचनामा करतो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब घेतो, आणि ठरलेला प्रश्न विचारतो की, या वाटेने यापूर्वी किती वेळा आणि कोणाच्या मयताला नेले होते.